आमटी-रश्श्याची चव नेमकी कुठे बिघडते, आणि कशी सावरायची

एकाच व्हिडिओवरून दोन घरांत आमटी होते. डाळ तीच, मसाला त्याच पुड्यातला, चमचेही मोजून टाकलेले. एका घरात ती वाट्या भरभरून भुरकली जाते आणि दुसऱ्या घरात ‘काहीतरी कमी आहे’ म्हणत सगळे लोणच्याकडे वळतात. काय कमी आहे ते मात्र कुणालाच सांगता येत नाही. मग चिमूटभर मीठ पडतं, थोडा मसाला पडतो, वरून तिखट पडतं आणि आमटी आणखीच गोंधळते. शेवटी ‘एकेकाच्या हाताला चव असते’ असं म्हणून विषय संपतो.

मला हे कधीच पटलेलं नाही. हाताची चव शिकता येते. त्यासाठी आपण पातेल्यात जे टाकतो ते तोंडात गेल्यावर नेमकं कुठे जाणवतं, एवढं आधी समजून घ्यावं लागतं. दुसरी गोष्ट म्हणजे, बिघडलेली चव सावरण्याचे काही उपाय पातेल्यातला पदार्थ खरोखर बदलतात, तर काही आपल्याला तो वेगळा वाटायला लावतात. हा फरक कळला की निम्मे गोंधळ आपोआप थांबतात. समजायला सोपं जावं म्हणून तूरडाळीची चिंच-गुळाची आमटी डोळ्यांसमोर ठेवू. तिच्यात जवळजवळ सगळ्या चवी एकत्र येतात.

जीभ, नाक आणि झोंबणं

जिभेला मूळ चवी पाचच कळतात: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. उमामी म्हणजे सुकटीच्या किंवा पिकल्या टोमॅटोच्या रश्श्याला येणारा भरीव, तोंडात रेंगाळणारा स्वाद. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्रशेवाळाच्या सारातून ग्लुटामेट वेगळं काढून या चवीचं कारण दाखवलं. वांगं-बटाट्याच्या रश्श्यात मूठभर सोडे टाकणाऱ्या घरांनी तिचा उपयोग कुणी न सांगता केला आहे. जिभेच्या टोकाला गोड, कडेला आंबट आणि मागे कडू असा एक नकाशा पूर्वी पुस्तकांत छापलेला असे. तो चुकीचा आहे. पाचही चवी जिभेवर सगळीकडे कळतात.

या यादीत तिखट नाही, कारण तिखटपणा ही चवच नाही. मिरचीत कॅप्सायसिन नावाचं द्रव्य असतं. चटका बसल्याची बातमी मेंदूला देणारी जी यंत्रणा शरीरात असते, तिलाच ते चेतवतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये ही यंत्रणा शोधून काढली आणि त्या कामासाठी त्यांना २०२१ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. तिखट खाल्ल्यावर घाम का फुटतो, याचं उत्तर यातच आहे. तोंडात आग लागली आहे असं शरीराला खरोखर वाटत असतं.

तिसरा भाग नाकाचा, आणि तो आपण समजतो त्यापेक्षा खूप मोठा आहे. घास चावताना त्याचा वास घशाच्या मागून नाकात चढतो आणि तो आपण ‘चव’ म्हणूनच नोंदवतो. कोविडच्या काळात कित्येकांनी ‘तोंडाची चव गेली’ अशी तक्रार केली, तेव्हा बहुतेकांचा गेला होता तो वास. घरच्या घरी खात्री करायची असेल तर नाक घट्ट दाबून चिमूटभर गोडा मसाला जिभेवर ठेवा. थोडा कडवट भुसा ठेवल्यासारखं वाटेल. नाक सोडा, आणि दगडफूल, धणे, खोबरं, लवंग सगळं एकदम हजर होईल.

मीठ, चिंच, गूळ यांचं काम जिभेवर चालतं. फोडणी, मसाला, कोथिंबीर नाकासाठी असतात आणि मिरची तिसऱ्याच वाटेने जाते. एका वाटेवरची उणीव दुसरीवरून भरून निघत नाही. आमटी सपक लागली की बहुतेक जण मसाला वाढवतात. उणीव असते जिभेची, म्हणजे मिठाची किंवा आंबटाची, आणि आपण भर घालतो नाकासाठी. मग आमटी सपकही राहते आणि वर उग्रही होते.

आधी मीठ बघायचं

‘काहीतरी कमी आहे’ हे बहुतेक वेळा मिठाबद्दलच असतं. पातळ रश्श्याला वजनाच्या साधारण पाऊण ते एक टक्का मीठ लागतं. वाटीभर डाळीची लिटरभर आमटी होत असेल तर ८ ते ९ ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचे सपाट दीड चहाचे चमचे. इथून सुरुवात करा आणि मग आपल्या घराच्या आवडीप्रमाणे हलवा.

मिठाचं आणखी एक काम सहसा लक्षात येत नाही. ते कडवटपणा दाबतं. मेथीदाणा, लवंग, हळद, जरा जास्त भाजलं गेलेलं खोबरं, या सगळ्यांत थोडा कडूपणा असतोच. अळणी आमटीत तो वर येतो आणि आपल्याला वाटतं मसाला जास्त झाला. योग्य मीठ पडलं की तोच मसाला खमंग लागतो. कारल्याच्या भाजीत मीठ थोडं जरी कमी पडलं तर ती किती कडू होते, हे करणाऱ्याला माहीत असतं.

मीठ कधी टाकायचं? पाणी आटतं, मीठ आटत नाही. मटणाचा रस्सा तासभर उकळून निम्मा होणार असेल आणि मीठ आधीच पूर्ण टाकलं असेल, तर शेवटी तो खारट होणारच. म्हणून आटणाऱ्या पदार्थांत निम्मं मीठ सुरुवातीला आणि उरलेलं शेवटी टाकावं. सुरुवातीचं निम्मं मात्र टाळू नये. मटणाच्या किंवा बटाट्याच्या फोडीत मीठ मुरायला वेळ लागतो. वरून टाकलेलं मीठ रश्श्यातच राहतं आणि फोड आतून अळणी लागते.

‘आजी कुठे मोजायची?’

ती मोजायची. तिचं माप वेगळं होतं. पातेलं ठरलेलं, मिसळणाच्या डब्यातला चमचा ठरलेला, जेवणारी माणसं ठरलेली, दुकान आणि मीठही वर्षानुवर्षं तेच. या ठरलेल्या गोष्टींमध्ये तिच्या मुठीचा आणि चिमटीचा अंदाज बसलेला होता. आपण घर बदलतो, कुकर बदलतो, या महिन्यात एका ब्रँडचा मसाला आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्याचा आणतो, आणि अंदाज मात्र तिचाच वापरायला जातो. जाड्या मिठाचा एक चमचा बारीक मिठाच्या चमच्यापेक्षा साधारणपणे वजनाला हलका भरतो, एवढ्यानेही गणित चुकतं. परदेशात चिंचेचा तयार काळा अर्क वापरणाऱ्यांचं तर हमखास चुकतं, कारण तो घरच्या कोळापेक्षा कितीतरी तीव्र असतो.

नैवेद्याचा स्वयंपाक आठवा. तो चाखायचा नाही असा अनेक घरांत नियम आहे, आणि तरी नैवेद्याच्या पानातली आमटी, भाजी, चटणी बहुधा चोख असते. न चाखता चव जमते, कारण त्या दिवशी प्रमाण काटेकोर पाळलं जातं. मोजल्याने स्वयंपाकातला जीव जातो असं म्हणणाऱ्यांनी या पानाचा जरूर विचार करावा.

आंबट: कोणतं आणि केव्हा

मीठ बरोबर असूनही आमटी जड, मठ्ठ लागत असेल तर आंबट कमी आहे. आंबटाने तोंडाला पाणी सुटतं आणि बाकीच्या चवी उठून दिसतात. पण सगळी आंबटं एका जातीची नाहीत, आणि ती एकमेकांच्या जागी आहे तशी टाकता येत नाहीत.

चिंचेला उकळी लागते. कोळ टाकून लगेच गॅस बंद केला तर कच्चट वास राहतो. लिंबाचं उलटं: त्याचा सगळा डौल वासात आहे आणि उकळीत तो उडून जातो, म्हणून लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायचं. टोमॅटो आंबटाबरोबर गोडवा आणि उमामीही घेऊन येतो, पण बाजारातला एक टोमॅटो दुसऱ्यासारखा नसतो, त्यामुळे टोमॅटोच्या भरवशावर आंबटपणा सोडला तर दर वेळी वेगळी आमटी होते. दही तापलं की फुटतं. कढीत बेसन लावतात ते केवळ दाटपणासाठी नाही, बेसनामुळे दह्यातली प्रथिनं एकमेकांना चिकटून गुठळ्या होण्यापासून वाचतात.

आमसूल माझ्या मते सगळ्यांत सभ्य आंबट आहे. बांगड्याच्या किंवा तारलीच्या कालवणात ते शेवटच्या काही मिनिटांत पडतं, ठेचलेल्या तिरफळांच्या सोबतीने. माशाचा उग्र वास ते सावरतं. फक्त एक लक्षात ठेवायचं: आमसूल रश्श्यात राहिलं की त्याचा आंबटपणा उतरतच राहतो. दुपारी बेताचं वाटलेलं कालवण रात्री दात आंबवतं. हवा तेवढा आंबटपणा आला की आमसुलं काढून ठेवावीत.

आंबटाची वेळ चुकली तर डाळसुद्धा बिघडते. डाळीच्या आणि भाज्यांच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन नावाचं द्रव्य आंबट पाण्यात लवकर सुटत नाही. म्हणून चिंच किंवा टोमॅटो आधीच टाकला की डाळ शिजता शिजत नाही आणि बटाटा कडक राहतो. डाळ आधी पूर्ण शिजवून घोटायची आणि मग कोळ घालायचा, हा जुना क्रम उगाच नाही.

गूळ आंबटपणा कमी करतो का?

नाही. चिंचेचं आम्ल गूळ पडल्यावरही पातेल्यात तेवढंच असतं. उन्हात गॉगल घातल्याने ऊन कमी होत नाही, डोळ्यांना होणारा त्रास कमी होतो, तसंच हे आहे. गोड आणि आंबट जिभेवर एकत्र आले की दोन्हींची धार बोथट होते.

म्हणूनच गुळाला मर्यादा आहे. थोडा जास्त झालेला आंबटपणा तो सावरतो. खूप जास्त झालेला सावरायला गेलात तर आमटीचं सरबत होतं. तिथे पातेल्यातच बदल करावा लागतो, म्हणजे बिनआंबटाची शिजलेली डाळ आणि पाणी वाढवायचं. खाण्याचा सोडा आम्ल खरोखर मारतो, पण त्याची साबणासारखी चव मागे राहते आणि मला ती कधीही नकोशी वाटते. वाटीभर डाळीला सुपारीएवढी चिंच आणि त्याहून जरासा मोठा गुळाचा खडा, हे माप चांगलं. आमटी भुरकल्यावर ‘यात गूळ आहे’ असं चटकन सांगता येऊ नये. गूळ काढून टाकला असता तर मात्र कळलं असतं, इतपत तो असावा.

‘आमच्याकडे भाजी-आमटीत गूळ चालत नाही’ असं सांगणारी घरंही पुष्कळ आहेत. त्यांचं म्हणणं योग्यच आहे, कारण गोडवा येण्याची गूळ ही एकच वाट नाही. कोल्हापुरी तांबड्या रश्श्यात गूळ नसतो, पण लालसर परतलेला कांदा आणि भाजलेलं खोबरं असतं. कच्च्या कांद्यातही साखर असते, तिखट वासामुळे ती जाणवत नाही. परतल्यावर तो वास जातो आणि गोडवा उघडा पडतो. अशा घरात रस्सा तिखट-आंबट आणि टोकदार लागला तर बहुतेक वेळा कांदा घाईत परतलेला असतो.

तिखट जास्त झालं तर

कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. मिरचीचा लाल रंगही तसाच. त्यामुळे मिसळीच्या रश्श्यावर जी लाल तर्री तरंगते, तिच्यात रंग आणि झणका दोन्ही गोळा झालेले असतात. यातून एक फार उपयोगी गोष्ट निघते. रस्सा तिखट झाला असेल तर तो उकळायचा थांबवा, स्थिर होऊ द्या आणि वरची तर्री डावाने काढून वाटीत ठेवा. हा उपाय पातेल्यातलं तिखट खरोखर कमी करतो. ज्यांना झणझणीत हवं त्यांनी तर्री वरून घ्यावी, लहान मुलांना खालचा रस्सा वाढावा.

नारळाचं दूध, काजू-खसखशीचं वाटण, साय, दही यांतली स्निग्धता तिखटाला आपल्यात सामावून घेते. दुधातली प्रथिनंही कॅप्सायसिनला धरून ठेवतात, म्हणून तिखट लागल्यावर पाण्यापेक्षा ताक किंवा दूध बरं. कोल्हापुरात तांबड्याच्या शेजारी नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा येतो. दोन्ही आलटून पालटून भुरकले की तोंड दर वेळी नव्याने तयार होतं. घरी नारळाचं दूध घालताना मात्र नंतर खळाखळा उकळू नये, ते फुटतं.

मिरची निवडतानाच विचार केला तर ही वेळ येतच नाही. ब्याडगी रंग भरपूर देते आणि तिखट बेताची असते. लवंगी याच्या उलट. लाल रश्श्याच्या हौसेपायी तिखट मिरचीचे चमचे वाढवण्यापेक्षा दोन्हींचं मिश्रण करावं.

‘तेल सुटेपर्यंत परता’ म्हणजे काय?

पाककृतीतलं हे वाक्य सगळे वाचतात आणि बहुतेक जण त्याआधीच पाणी ओततात. घरच्या रश्श्यात आणि खानावळीतल्या रश्श्यात जो फरक पडतो, त्यातला मोठा वाटा या काही मिनिटांचा आहे.

वाटणात पाणी आहे तोवर त्याचं तापमान पाण्याच्या उकळीच्या, म्हणजे १०० अंशांच्या फारसं पुढे जात नाही. खमंगपणा देणारी भाजण्याची क्रिया मात्र साधारण १४० अंशांच्या आसपास वेग घेते. साखर आणि प्रथिनं उष्णतेने एकत्र येऊन तपकिरी रंग आणि शेकडो नवे वास तयार होतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मेयार यांनी १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. भाकरीवरचे डाग आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास तिचाच. वाटणातलं पाणी संपलं की तेल वेगळं होऊन कडेला दिसू लागतं. म्हणजे तेल सुटणं ही खूण आहे: पाणी संपलं, आता खरं भाजणं सुरू झालं. तिथून दोन-तीन मिनिटं मंद आचेवर परतलं की रश्श्याला खोली येते. आधीच पाणी ओतलं तर ती नंतर तासभर उकळूनही येणार नाही, कारण पाण्यात पुन्हा ते तापमान गाठताच येत नाही.

फोडणीचं तर्कशास्त्रही जवळचं आहे. मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता यांचे वास तेलात उतरतात आणि तेल ते सगळ्या आमटीत पसरवतं. हळद-तिखट शेवटी, कारण त्या पुडी क्षणात जळतात. जळलेल्या फोडणीवर मात्र उपाय नाही. गुळाने ती झाकत नाही, मिठाने पुरती दबत नाही. दोन चमचे तेलाचा मोह सोडून ती टाकून द्यावी आणि नवी करावी. हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही, कारण ती आमटीत गेली तर सगळी डाळ वाया जाते.

‘खारट झालं तर बटाटा टाका’

हा सल्ला इतका पसरलेला आहे की त्यावर शंका घेणंही उद्धटपणाचं वाटतं. बटाटा रस्सा शोषतो, मीठ निवडून शोषत नाही. जेवढं खारट पाणी आत घेतो तेवढंच मीठ त्याच्याबरोबर जातं, उरलेला रस्सा होता तितकाच खारट राहतो. कणकेच्या गोळ्यांचंही तसंच. मग अनेकांना फरक जाणवतो तो का? कारण बटाट्याच्या निमित्ताने वर पाणीही पडतं, आणि खाताना अळणी बटाट्याबरोबर रस्सा खाल्ला जातो.

खारटपणावर खरा उपाय एकच, बिनमिठाचा माल वाढवणं: शिजलेली डाळ, गरम पाणी, नारळाचं दूध, जे त्या पदार्थात शोभेल ते. मग पातळ झालेल्या मसाल्यासाठी छोटी फोडणी वेगळी करून वर घालायची. आमटी जास्त झाली तर शेजारी द्यावी.

चाखायचं कसं

उकळत्या रश्श्याचा थेंब तळहातावर घेऊन चाटणं ही सगळ्यांची सवय, पण त्यातून फारसं कळत नाही. इतक्या गरम पदार्थाची चव जिभेला नीट लागतच नाही. वाटीत चमचाभर काढून कोमट होऊ द्या. आणि तो नुसता चाखू नका, ज्याच्याबरोबर खाणार त्याच्याबरोबर चाखा. आपल्याकडे पुष्कळ घरांत भात आणि भाकरी बिनमिठाच्या असतात. नुसती पिताना अगदी बरोबर वाटलेली आमटी भातावर सपक होते, ती याच कारणाने. वाटीतून प्यायच्या सारात मीठ-आंबट जरा कमी, भातावरच्या आमटीत जरा चढं, असं ठेवावं.

तासभर मसाल्याच्या वासात उभं राहिलेल्या माणसाचं नाक त्या वासाला सरावलेलं असतं. त्याला मसाला नेहमी कमीच वाटतो. अशा वेळी बाहेरच्या खोलीतल्या कुणाला तरी बोलावून चमचा हातात द्यावा.

आणि दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आधी मीठ, मग आंबट, मग लागलाच तर गूळ. या तिन्हींवर समाधान झालं आणि तरीही उणीव वाटली, तरच मसाल्याच्या डब्याला हात लावायचा.

पण मीठ कमी खायचं असेल तर?

हा आक्षेप महत्त्वाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. वर सांगितलेली लिटरभर आमटी चौघांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन ग्रॅमच्या आसपास येतं. म्हणजे एका आमटीतच दिवसाचा मोठा हिस्सा संपतो, लोणचं-पापड वेगळे. रक्तदाब असलेल्या घरात मीठ कमी करावंच लागतं. तिथे आंबट थोडं वाढवा, कांदा-खोबरं नीट भाजा, टोमॅटो घाला, वरून ताजी कोथिंबीर आणि लिंबू द्या. आंबटपणा आणि वास पुढे आले की मिठाची उणीव कमी टोचते. एकदम निम्मं करू नका. काही आठवड्यांत थोडं थोडं उतरवलं तर जीभ सरावते.

उरलेली आमटी

दुसऱ्या दिवशीची आमटी, उसळ किंवा मटण जास्त चांगलं लागतं असं अनेकांचं मत आहे, माझंही. रात्रभरात मीठ, आंबट आणि तिखट फोडींच्या आत मुरतात, कच्च्या मसाल्याची टोकं मावळतात आणि डाळ दाट होते. हरवतो तो ताजा वास. म्हणून गरम करताना आधी गरम पाणी घालून सैल करायची, उकळी आल्यावर चाखायची, मीठ बहुधा लागत नाही. मग चमचाभर तुपात जिरं, हिंग आणि एक लसणाची पाकळी तडतडवून वर ओतायची आणि लगेच झाकण ठेवायचं.